अपंगाची कमाई आणि सरकारचा हिशेब
(एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्याच्या शरीराने साथ सोडली त्याला समाजाने उपाशी ठेवू नये, हे तत्त्व आता कोणी उघडपणे नाकारीत नाही. वाद सुरू होतो तो त्याच्या पुढे. असा मनुष्य सरकारी साहाय्यावर जगत असता दिवाळी अंकासाठी कथा लिहितो, गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतो, भजनाला पेटी वाजवितो आणि त्यापोटी चार पैसे मिळवितो. या चार पैशांचे सरकारने काय करावे? साहाय्य तसेच चालू ठेवावे, थोडे उतरवावे, की एकदम बंद करावे? प्रश्न कारकुनी हिशेबाचा दिसतो. परंतु त्या हिशेबावर माणसाचा श्वास अवलंबून असू शकतो. हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

अमेरिकेत पॉल लाँगमोर नावाचे एक इतिहासकार होऊन गेले. त्यांचा जन्म १९४६ चा. वयाच्या सातव्या वर्षी पोलिओने गाठले आणि हात निकामी झाले. पुढे श्वसनयंत्राची आणि दैनंदिन व्यवहारासाठी मदतनिसांची गरज कायमची लागली. तशा स्थितीत त्यांनी इतिहासात डॉक्टरेट मिळविली. तोंडात लेखणी धरून तिच्या टोकाने कळफलकावरील एकेक अक्षर दाबीत, दहा वर्षे खपून त्यांनी ‘द इन्व्हेन्शन ऑफ जॉर्ज वॉशिंग्टन’ हा ग्रंथ लिहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने तो १९८८ साली प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, लॉस एंजेलिस येथील संघीय सरकारच्या कचेरीसमोर लाँगमोर यांनी आपल्याच हातच्या, किंबहुना आपल्याच तोंडच्या म्हणावयास हवे, त्या ग्रंथाची प्रत जाळली!

पुस्तके जाळणाऱ्यांविषयी आम्हांस मुळीच ममत्व नाही. जगाच्या इतिहासात त्यांची संगत वाईट आहे. परंतु येथे जाळणारा दुसऱ्याचा विचार जाळीत नव्हता. स्वतःच्या दहा वर्षांना अग्नी देत होता. त्याने असे का करावे?

कारण पाहण्यासारखे आहे. गरीब अपंगांसाठी अमेरिकेत ‘एसएसआय’ नावाची साहाय्ययोजना १९७४ पासून चालू आहे. महिन्याची रक्कम हा तिचा लहान भाग. मोठा भाग हा की, तिच्या आधाराने सरकारी वैद्यकीय मदत आणि मदतनीस मिळतात. लाँगमोर यांचे श्वसनयंत्र त्यावर चालत होते. साहाय्य घेणाऱ्याने नोकरी केली, तर तिचा पगार ‘श्रमाची कमाई’ ठरे आणि त्याला कायद्यात बऱ्याच सवलती होत्या. पगार बेताचा वाढला तरी वैद्यकीय मदत राखता येई. परंतु ग्रंथाची रॉयल्टी? ती मात्र ‘श्रमावाचून झालेली प्राप्ती’ म्हणून व्याजाच्या आणि घरभाड्याच्या पंगतीला बसविलेली! कारकुनाचे टिपण हे श्रम आणि तोंडाने लिहिलेला ग्रंथ म्हणजे बसून खाणे, असा हा न्याय. त्यामुळे ग्रंथ खपला तर लेखकाचे साहाय्यच धोक्यात येणार होते.

त्या धुराचा उपयोग झाला. १९९० च्या कायद्याने लेखकाची स्वतःच्या लेखनावरील रॉयल्टी आणि व्याख्यानादी सेवांचे मानधन ही श्रमाची कमाई ठरली. फरक किती पडतो तो आकड्यांत पाहावा. २०२५ साली एकट्या व्यक्तीस या योजनेतून संघीय साहाय्य महिना कमाल ९६७ डॉलर होते. अन्य उत्पन्न नसलेल्या लेखकास एका महिन्यात ५०० डॉलर रॉयल्टी आली, तर प्रथम २० आणि ६५ मिळून ८५ डॉलर सोडून देतात. उरलेल्या ४१५ ची निम्मी रक्कम, म्हणजे दोनशे साडेसात डॉलर, साहाय्यातून कापतात. लेखकाच्या पदरात २९२ डॉलर ५० सेंट जास्तीचे पडतात. जुना नियम असता तर केवळ २० डॉलर सोडून ४८० कापले गेले असते. पाचशेच्या कमाईवर वीसचा लाभ! एवढ्यासाठी शाईची दौत उघडण्यास कोण धजेल?

तेथील व्यवस्था निर्दोष झाली असे मात्र समजू नये. ते २० आणि ६५ हे आकडे १९७४ पासून जागचे हललेले नाहीत. पन्नास वर्षांत भाकरीचा भाव कुठून कुठे गेला! दुसरे, लाभार्थ्याजवळील मोजणीत येणारी शिल्लक २००० डॉलरच्या वर जाता कामा नये, ही मर्यादा १९८९ पासूनची. कलावंताचा पैसा पगारासारखा पहिल्या तारखेस येत नाही. वर्ष कोरडे जाते आणि एका महिन्यात दोन वर्षांच्या मेहनतीचे पैसे येतात. रॉयल्टी ज्या महिन्यात हाती आली त्या महिन्याची कमाई धरतात, आणि त्यातून उरलेली शिल्लक पुढच्या महिन्यात मर्यादेच्या तराजूत पडते. म्हणजे काटकसर करून नवे साधन घेण्यासाठी पैसे राखावेत, तर ती काटकसरच अंगावर येते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे सरकारने अपंगांस ‘दिव्यांग’ हे भारदस्त नाव दिले आहे. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतन योजनेत ८० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील व्यक्तीस केंद्राचा वाटा म्हणून २०१२ पासून महिना ३०० रुपये ठरलेले आहेत. नाव वाढले, रक्कम तेथेच राहिली. राज्ये आपापली भर घालतात हे खरे. परंतु आमचा मुद्दा रकमेहून वेगळा आहे. अमेरिकेच्या नियमात कमाईबरोबर साहाय्य पायरीपायरीने उतरते. आपल्या या योजनेत पायरीच नाही, सरळ कडा आहे. रेषेच्या आत असाल तर सर्व काही, रेषा ओलांडलीत तर काहीही नाही. शिवाय रेषा कुटुंबाची! भावाची कमाई वाढली तरी पांगळ्या बहिणीचे निवृत्तिवेतन अडचणीत येऊ शकते. मग कथेचे मानधन धाकट्याच्या नावावर घ्यावे, मूर्तीचे पैसे रोख घेऊन कोठे बोलू नये, असा लपंडाव सुरू होतो. त्याला आम्ही लबाडी म्हणावयास तयार नाही. नियमाने दार लावले की माणूस खिडकी शोधतो.

विशेष हे की, कायदा आपल्याकडे वाईट नाही. २०१६ च्या अपंग हक्क अधिनियमाचे २४ वे कलम सांगते की, तशाच स्वरूपाच्या अन्य योजनांतून इतरांस जे मिळते त्याहून अपंगांचे साहाय्य निदान २५ टक्के अधिक असावे. आणि २९ वे कलम तर अपंग लेखकांस व कलावंतांस सोयी, आधार आणि पुरस्कर्तृत्व देण्याची जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक संस्थांवरही टाकते. म्हणजे ही गोष्ट दिल्लीचीच नव्हे. आपल्या नगरपालिकेचीही आहे. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेत सभासदांना दोन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. २९ व्या कलमाखाली आजवर किती रुपये खर्ची पडले? आणि एखाद्या अपंग मूर्तिकाराकडून पालिकेने काम करवून घेतले, तर त्या मोबदल्यामुळे त्याचे निवृत्तिवेतन बंद पडणार नाही, असे वरच्या कचेरीकडून लेखी मिळवून देण्यास पालिका तयार आहे काय?