खलिफा कोणी निवडायचा?

गटाच्या बैठकीत आम्हाला काही जणींनी विचारलं, "मुसलमानांत राज्य कसं चालवायचं हे धर्मातच ठरलेलं असतं का गं?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यांच्यातले विद्वानच यावर गेली शंभर वर्षं वाद घालत आहेत.

मूळ गोष्ट जुनी. इसवी सन ६३२ मध्ये मदिनेत मुहंमद पैगंबरांचं निधन झालं. आता पुढारी कोण? सुन्नी परंपरा सांगते, की अबू बक्र यांना लोकांनी बैठकीत निवडलं. त्यांनी जाताना उमर यांचं नाव सांगितलं. उमर यांनी सहा जणांवर निवड सोपवली, त्यांनी उस्मान यांना नेमलं. चौथे अली. शिया मात्र म्हणतात, पहिला हक्क अलींचाच होता. म्हणजे बघा, रीत एक नव्हतीच! ६६१ नंतर गादी घराण्यातच फिरू लागली.

१९२४ साली तुर्कस्तानने खिलाफतच मोडीत काढली. पुढच्याच वर्षी इजिप्तमधल्या शरियत कोर्टाचे न्यायाधीश अली अब्दुल राझिक यांनी पुस्तक लिहिलं. पैगंबर धर्म सांगायला आले, राज्य थाटायला नव्हे. कारभार कसा करायचा ते माणसांनी आपल्या अकलेने ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. तिकडे इजिप्तच्या राजालाच खलिफा व्हायचं होतं! अल-अझहरच्या धर्मपंडितांनी राझिकांची पदवी काढून घेतली. नोकरीही गेली.

दुसऱ्या टोकाला मौलाना मौदूदी. जन्म १९०३, आपल्या औरंगाबादेत. १९४१ मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी काढली. खरी सत्ता अल्लाची, राज्याने त्याच्याच कायद्याने चालावं, असं ते मांडत. बाईने राज्याचं प्रमुखपद घेऊ नये, हेही त्यांचंच मत.

पण पुढे काय झालं ऐका. जानेवारी १९६५ मध्ये पाकिस्तानात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. लष्करशहा अयूब खान यांच्यासमोर फातिमा जिना उभ्या राहिल्या, आणि मौदूदींनी पाठिंबा दिला तो फातिमांना! एरवी नको, पण हुकूमशहापेक्षा बाई परवडली, असा हिशेब. आम्हाला तर यात तत्त्वापेक्षा गरजच जास्त दिसते. मत द्यायला होते सुमारे ८० हजार निवडून आलेले सदस्य. घरोघरच्या बायकांना मत नव्हतं. फातिमा हरल्या.

तुमच्या गटात यावर काय बोलणं होतं, ते आम्हाला जरूर कळवा.