छोट्या शाळांचं मैदान



शालेय स्पर्धांचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे पटकन हॅरिस शिल्डचं नाव निघतं. मुंबईतली ही आंतरशालेय क्रिकेट स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि अजून चालू आहे. १९८८ साली आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली, ती याच स्पर्धेत. त्या धावा आजही लोकांना तोंडपाठ आहेत. मला मात्र आज बोलायचंय ते खेड्यातल्या छोट्या शाळांच्या स्पर्धांविषयी. त्यातली एक मोठी स्पर्धा तर बंद पडली, आणि ती गेल्याचं फारसं कुणाला जाणवलंही नाही.

१९७०-७१ साली केंद्र सरकारनं अखिल भारतीय ग्रामीण क्रीडा स्पर्धा सुरू केल्या. त्यामागचा विचार साधा होता. शहरातल्या शाळेला मैदान असतं, क्रीडाशिक्षक असतो, मुलांच्या पायात बूट असतात. त्यांच्यासमोर खेड्यातला संघ उभा केला, तर तो पहिल्याच फेरीत घरी जाणार. म्हणून ग्रामीण मुलांची शिडीच वेगळी ठेवली. तालुक्याला जिंकायचं, मग जिल्हा, मग राज्य, मग देश, आणि प्रत्येक पायरीवर समोर आपल्यासारखाच खेड्यातला गडी.

२००८ साली या स्पर्धा ‘पायका’ योजनेत गेल्या. पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान हे तिचं पूर्ण नाव. गावोगाव मैदान तयार करायचं आणि मुलांना खेळवायला ‘क्रीडाश्री’ नेमायचा, अशी ती कल्पना. २०१४ मध्ये तिचं राजीव गांधी खेल अभियान झालं आणि २०१६ मध्ये हे अभियान ‘खेलो इंडिया’त विलीन झालं. खेलो इंडियानं पुष्कळ काही दिलं. २०१९ साली बालेवाडीत झालेल्या स्पर्धांचा थाट आपण पाहिला आहे. पण या योजनेचा मुख्य भर गुणी खेळाडू हुडकण्यावर. जुन्या ग्रामीण स्पर्धेचा भर जास्तीत जास्त पोरांना मैदानात उतरवण्यावर होता. ही दोन कामं वेगळी आहेत.

शहरी कोण आणि ग्रामीण कोण हे कसं ठरतं, ते पाहायला आता नगरजवळच्या आपल्या नागापूरकडे या. मनमाड रस्त्यावर सीना ओलांडली की हे गाव. एमआयडीसी आली, कारखाने आले, चाळी आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. २००३ साली नगरची महानगरपालिका झाली, आणि नागापूर तिच्या हद्दीत. शेजारची वडगाव गुप्ता, निंबळक ही गावं मात्र ग्रामपंचायतीतच राहिली. शालेय क्रीडा स्पर्धांत महापालिका क्षेत्राचा संघ वेगळा निवडला जातो आणि ग्रामीण जिल्ह्याचा वेगळा. म्हणजे एकाच कारखान्यात एकाच पाळीला जाणारे दोन कामगार, पण एकाचा मुलगा शहराकडून खेळणार आणि दुसऱ्याचा ग्रामीणकडून. पोरांच्या पायात फरक काहीच नाही, फरक फक्त हद्दीच्या रेघेचा. 

छोटी शाळा ओळखायची कशावरून? गावाच्या नावावरून नाही, पटावरून. हे पाहायचं तर जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रस्तरीय स्पर्धेला जा. आसपासच्या दहाएक शाळा एका केंद्रात. तिथं जिंकलं की बीट, मग तालुका, मग जिल्हा. सकाळी गुरुजी स्वतःच फक्कीनं मैदान आखतात, खो-खोचे खांब रोवतात, आणि मग शिट्टी घेऊन पंचही तेच होतात. दुसरा इलाजच नसतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन, आणि शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळायचा तर सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर हवा.

अठरा पटाची शाळा धरा. त्यात नऊ मुलगे. खो-खोला मैदानात लागतात नऊच. म्हणजे पाचवीतल्या दांडग्या पोरापासून पहिलीतल्या चिमुरड्यापर्यंत सगळे संघात. एखादा आजारी पडला की संघच मोडला. पहिलीतल्याला खांबाजवळ बसवतात आणि बजावतात, ‘खो मिळाला की ऊठ आणि पळ, बाकी काही बघू नको.’ समोर दोनशे पटाची शाळा आली, तर तिनं निवडून काढलेले बारा. निकाल काय लागणार, हे नाणेफेकीआधीच सगळ्यांना ठाऊक असतं.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बास्केटबॉलला सगळ्या हायस्कुलांसाठी एकच स्पर्धा असे. १९५४ साली अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन गावच्या शाळेनं मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२-३० असं हरवून राज्याचं अजिंक्यपद घेतलं. त्यावर पुढं चित्रपटही निघाला. तरीही १९९७-९८ पासून त्या राज्यानं पटाप्रमाणे गट पाडले. पुष्कळांना ते रुचलं नाही. मायलनसारखा चमत्कार आता होणार नाही, अशी त्यांची हळहळ. ती खोटी नाही. पण एका मायलनची गोष्ट सांगताना पहिल्या फेरीत गारद झालेल्या शेकडो शाळा आपण विसरतो. आधी बरोबरीच्यांशी खेळू द्या, मग मोठ्यांशी भिडवा, एवढंच माझं म्हणणं.

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा २०२३ साली चौदा हजारांच्या वर होत्या. त्या एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा त्याच वर्षी सुरू झाली. तशा शाळा व्हाव्यात की नको, हा वेगळा वाद. पण शाळा मिटली की तिचा संघ मिटतो, आणि त्या संघानं कधी कुणाला हरवलं होतं, हे सांगणारा कागदही उरत नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. दोन्हींना पैसा लागत नाही. केंद्राच्या स्पर्धेत मुलांचे ‘लहान गट, मोठा गट’ पाडतो, तसे शाळांचेही दोन गट पटावरून पाडा, आणि अंतिम सामना दोन्ही विजेत्यांत लावा. दुसरं, केंद्रशाळेत एक जाड वही ठेवा. त्यात दरवर्षीचे निकाल लिहा, संघातल्या प्रत्येक पोराचं नाव लिहा, पहिलीतल्याचंसुद्धा. सुरुवात येत्या स्पर्धेपासूनच करता येईल.