मशिननं काय ऐकलं?



मी वेबसाईटवर भाषण देणार आहे हे कळल्यावर माझी मुलगी हसली. म्हणाली, "बाबा, तुम्ही गॅसचा सिलिंडर अजून माझ्याकडून बुक करून घेता." खरं आहे ते. मी प्रोग्रामर नाही. बी.एस्सी. झालो, सैन्यात गेलो आणि आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये नोकरी केली. एएससी म्हणजे रसद. रेशन, इंधन, गाड्या. बर्फ पडून रस्ते बंद व्हायच्या आत वरच्या चौक्यांवर हिवाळ्याचा साठा पोचवायचा, हे आमचं काम. एएससीचं सेंटर इथं बेंगळुरूमध्येच आहे. माझं शेवटचं पोस्टिंग इथलं. चोपन्नाव्या वर्षी कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि इथंच राहिलो.

काही वर्षांनी एका कंपनीनं ऑपरेशन्स सांभाळायला बोलावलं. नाव सांगत नाही. लोकांना हवं ते नाव, हवा तो मजकूर घालून वस्तू बनवून देणारी कंपनी. मग, ट्रॉफी, दारावरची पाटी, पितळी फलक. हा धंदा या शहराला नवा नाही. आज आपण जिथून कपडे मागवतो ती मिंत्रा २००७ साली बेंगळुरूत सुरू झाली, ती मगवर आणि टी-शर्टवर नावं छापून द्यायलाच. ब्रँडेड कपड्यांकडे ती नंतर वळली.

आमचं ऑफिस कोरमंगलात, वर्कशॉप पीण्यात. इथली ट्रॅफिक ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की ही दोन वेगळी गावं आहेत. आणि तशीच आमची सिस्टिम होती. वेबसाईट एकानं बनवलेली. तिच्यावर ऑर्डर आली की ईमेल पीण्याला जायचा. तिथं एक माणूस ईमेलमधला मजकूर उचलून कोरल ड्रॉमध्ये टाकायचा. स्टॉक एक्सेलमध्ये. बिल टॅलीमध्ये. कुरिअरची नोंद चौथ्याच ठिकाणी. ग्राहकाचा फोन आला, "माझी पाटी कुठे आहे?" की आम्ही तीन माणसांना फोन करायचो आणि तीन वेगळी उत्तरं मिळायची.

म्हणून सगळं नव्यानं बांधायचं ठरलं. एकच प्लॅटफॉर्म. ग्राहक साईटवर वस्तू निवडतो, रंग निवडतो, नाव लिहितो, स्क्रीनवर नमुना बघतो. त्याच माहितीतून किंमत निघते, स्टॉक कमी होतो, मशिनची फाईल तयार होते, बिल आणि कुरिअरची चिठ्ठी निघते. मधे कुणीही काही परत टाईप करायचं नाही. मला हे लगेच पटलं. आमच्या खात्यात एक गोष्ट कोवळ्या वयात शिकवतात. जितक्या वेळा आकडा एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवाल, तितक्या वेळा तो चुकायची संधी.

काम आठ महिने चाललं. एक गोष्ट आम्ही शहाणपणानं केली. जुनी साईट एका रात्रीत बंद केली नाही. आधी फक्त मग नव्या प्लॅटफॉर्मवर नेले, मग ट्रॉफी, शेवटी पाट्या आणि फलक. दरवाजा बंद करायची घाई महागात पडते. मिंत्रानंच २०१५ मध्ये वेबसाईट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं होतं. २०१६ मध्ये वेबसाईट परत सुरू करावी लागली.

दुसरी गोष्ट मात्र मी शहाणपणानं केली नाही. तीच सांगायला आज आलोय.

पीण्याला मजकूर टाईप करणारा जो माणूस होता, त्याला सगळे मेस्त्री म्हणायचे. कन्नड माणूस. नव्या सिस्टिममध्ये टायपिंगच उरलं नाही, म्हणून ती जागा मी कागदावरून काढली. त्याला पॅकिंगला पाठवलं. सही माझी होती.

दीडेक महिन्यानं सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून फोन आला. शाळेच्या वाचनालयाला गावातल्या एका शहीद जवानाचं नाव द्यायचं होतं. पितळी फलक त्याच्या धाकट्या भावानं आमच्याकडून मागवला होता. आडनावात 'ऱ्हा' होता. कुऱ्हाड शब्दात असतो तो. आपल्या मराठीतला आडवा, अर्धा र. फलकावर कोरला गेला होता 'र्हा'. 'हा'च्या डोक्यावर रफार.

कस्टमर केअरच्या मुलीला मराठी येत नव्हतं, म्हणून फोन माझ्याकडे आला. तो मुलगा ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, दादाचं नाव चुकलंय. आईला वाचता येत नाही, तिला कळणार नाही. पण गावाला कळेल. परवा कार्यक्रम आहे."

मी मुलांना बोलावलं. हुशार मुलं. तासाभरात त्यांनी शोधून काढलं. हा अर्धा र कॉम्प्युटरवर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला 'ऱ', त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि पुढे ह. दिसायला दोन्ही सारखे. आमच्या मुलांनी चाचणी पहिल्या तऱ्हेनं केली होती. त्या भावाच्या कीबोर्डनं दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलं. आणि लोक व्हॉट्सअ‍ॅपवरून मजकूर चिकटवतात, त्याच्याबरोबर कचरा येतो, म्हणून आम्ही एक चाळणी बसवली होती. न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाकायची. त्या चाळणीनं ते जोडचिन्हही कचरा समजून काढलं.

मी विचारलं, "पण त्यानं स्क्रीनवर नमुना बघून होकार दिला होता ना? तिथं बरोबर कसं होतं?"

उत्तर ऐकून मी खुर्चीत बसलो. नमुना त्याच्या फोनवरच तयार व्हायचा, चाळणीच्या आधी. मशिनकडे जायचं ते चाळणीनंतरचं.

वायरलेसवर निरोप मिळाला की ऐकणारा तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो. पाठवणारा "बरोबर" म्हणतो, मगच पाऊल उचलायचं. हे प्रत्येक जवानाला येतं. आमच्या साईटवर त्या मुलाला ऐकू येत होता तो त्याचाच आवाज. मशिननं काय ऐकलं, हे त्याला कुणी म्हणून दाखवलंच नव्हतं.

मग प्रश्न उरला, की आधी इतकी वर्षं ही चूक का झाली नाही? मी पीण्याला गेलो. मेस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "सर, चूक रोज व्हायची." मजकूर कोरलमध्ये टाकला की अक्षरं फुटायची. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. तो ग्राहकाचं चित्र शेजारी ठेवून आकार जुळवायचा. जुळला नाही की हातानं दुरुस्त करायचा. त्याच्याकडे एक वही होती. कुठली अक्षरं फुटतात त्यांची चित्रं त्यात काढलेली. 'ऱ्हा' त्यात होता. ज्याला मी टायपिस्ट समजून काढलं, तो आमचा शेवटचा पहारेकरी होता. आमच्या कुठल्याही नकाशात त्याची चौकी नव्हती, कारण आम्ही त्याला कधी विचारलंच नाही.

फलक त्याच संध्याकाळी त्यानंच पुन्हा करून दिला. आमचा एक मुलगा तो घेऊन रात्रीच्या बसनं निघाला. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोचला.

नंतर आम्ही चार बदल केले. एक, मशिनकडे जाणारी फाईल आधी तयार करायची आणि तिचंच चित्र ग्राहकाला दाखवायचं. त्यानं होकार दिला तीच फाईल कोरायची. दोन, ग्राहकाचं अक्षर गुपचूप बदलायचं नाही. शंका असेल तर त्याला विचारायचं. अमेरिकेत २००१ मध्ये एका तरुणानं नायकेच्या बुटावर 'स्वेटशॉप' हा शब्द मागितला, घाम गाळून घेणारा कारखाना अशा अर्थाचा. कंपनीनं नकार दिला, आणि तो ईमेलचा व्यवहार जगभर फिरला. पण तो नकार निदान तोंडावर होता. आम्ही तर न सांगता एका माणसाचं नाव बदललं होतं. तीन, मेस्त्रीची वही ही आमची चाचणीची यादी झाली. मराठी, कन्नड, तमिळ, सगळी फुटणारी अक्षरं. नवं काहीही बसवलं की आधी ती यादी चालवायची. चार, मेस्त्री परत जागेवर. समोर मोठा स्क्रीन, त्यावर ग्राहकानं मान्य केलेलं चित्र, हातात वस्तू. जुळलं नाही तर लाईन थांबवायचा हक्क त्याचा. मला विचारायची गरज नाही.

तुमच्यापैकी कुणी दुकानाचं, संस्थेचं, बँकेचं काम नव्या सिस्टिमवर नेत असाल. जरूर न्या. आमच्या चुका एकंदरीत खूप कमी झाल्या, आणि "माझी पाटी कुठे आहे?" याला आता एकच उत्तर मिळतं. फक्त जुनं मोडण्याआधी एक दिवस काढा. जुन्या व्यवस्थेतल्या प्रत्येक माणसाशेजारी बसा आणि विचारा, "तुमच्या कामाच्या कागदावर नाही असं तुम्ही काय करता?" मी विचारलं नाही. त्याची किंमत मी मोजली नाही, एका घरानं मोजली असती.

कार्यक्रमाचा फोटो त्या भावानं मला पाठवला. फलकाच्या शेजारी आई उभी आहे. तिला वाचता येत नाही, पण तिनं त्या नावावर हात ठेवलाय.

जय हिंद.