छापा, काटा आणि म्युऑन

(स्नेहमेळाव्यात शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे माझे सर आणि बाई, आणि तीस वर्षांनंतरही पुढच्या खुर्च्या मोकळ्या ठेवून मागे जागा धरणाऱ्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, ते मी रोज आठ-दहा तास ऐकते, स्नेहमेळाव्यात तरी सुटी द्या. म्हणून आज मी हा डबा घेऊन आले आहे. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा काळा डबा दिसतोय, त्यातून मधूनमधून 'टिक' असा आवाज येतोय. मघाशी शिपाईकाका विचारून गेले, घड्याळ बिघडलंय का म्हणून. काका, एका अर्थी ते घड्याळच आहे. बोलायला उभी राहताना मी त्याचा आकडा शून्यावर आणून ठेवला आहे.

प्रत्येक 'टिक' म्हणजे आकाशातून आलेला एक कण. त्याचं नाव म्युऑन. अवकाशातून येणारे प्रोटॉन आपल्या वातावरणावर सतत आदळत असतात. साधारण १५ किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणुकेंद्रांशी त्यांची टक्कर होते, त्यातून पायॉन नावाचे कण निघतात, आणि त्या पायॉनांचे लगेच म्युऑन होतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ. विद्युतभार तेवढाच, वजन मात्र सुमारे २०७ पट. या सभागृहाचा स्लॅब त्याला अडवत नाही, आपणही अडवत नाही. जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो. तळहात पसरून धरा. मी हे वाक्य संपवेपर्यंत त्यातून चार-पाच आरपार गेले.

१९३६ साली अमेरिकेत अँडरसन आणि नेडरमायर यांना हा कण पहिल्यांदा ओळखू आला. माझ्या डब्यात तो कसा सापडतो, ते सांगते. आत पाच बाय पाच सेंटीमीटरच्या खास प्लॅस्टिकच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्या आहेत. भारित कण त्यातून गेला की क्षणभर बारीक प्रकाश चमकतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण वडीला चिकटवलेला सेन्सर त्याचा विजेचा ठोका करतो, आणि एक छोटा सर्किट बोर्ड ते ठोके मोजतो. हे मी घरी, मुलीच्या मदतीनं जोडलं. पहिल्या रात्री आकडा अपेक्षेच्या तिप्पट आला. मी खूश! मुलीनं शांतपणे डब्यावर काळी चादर टाकली, आणि आकडा धाडकन खाली आला. काळी टेप नीट बसली नव्हती. मी म्युऑन नाही, आमच्या बैठकीच्या खोलीतला ट्यूबलाइट मोजत होते.

आता दोन वड्या का? कारण एकटा सेन्सर खोटं बोलतो. उष्णतेनं, विजेच्या खरखरीनं तो उगाचच ठोका देतो. भिवंडीत तर शेजारी लूम सुरू झाले की विचारूच नका. पण वरची आणि खालची वडी एकाच क्षणी ठोका देते, तेव्हा काहीतरी खरंच आरपार गेलेलं असतं. एका शेजाऱ्यानं सांगितलं तर अफवा, दोघांनी एकमेकांशी न बोलता तेच सांगितलं तर बातमी! ही युक्ती जर्मनीच्या वाल्थर बोथेची. तिच्यासाठी त्यांना १९५४ चं नोबेल मिळालं.

म्युऑनची दुसरी गंमत म्हणजे तो टिकत नाही. एक इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो मागे ठेवून तो संपतो. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पण 'सरासरी आयुष्य' म्हणजे काय, हे सांगण्यापेक्षा करून दाखवते. सगळे उभे राहा. हल्ली कुणाच्या खिशात नाणी नसतात, म्हणून बँकेतून सुट्टे रुपये आणले होते. दारात प्रत्येकाला एक दिला आहे. मी टाळी वाजवली की नाणं उडवायचं. काटा पडला तर बसायचं, छापा पडला तर उभं राहायचं. सर, बाई, तुम्ही बसूनच उडवा, आम्ही मोजतो.

(नाणेफेक झाली. सुरुवातीला ९६ जण होते. मग ४९ उरले, मग २३, मग १२, ५, २ आणि शेवटी १. टाळ्या.)

बघा, जो उरला तो दहावीत गणितात काठावर पास झाला होता! आता यातली मुख्य गोष्ट. तीन फेऱ्या वाचलेल्या माणसाला चौथ्या फेरीत काही सवलत मिळाली का? नाही. तो थकला म्हणून त्याचं नाणं वाईट पडलं का? तेही नाही. नाण्याला मागचं आठवत नाही. म्युऑनचंही तसंच आहे. आपल्याला चाळिशीनंतर गुडघे आठवण करून देतात, पण म्युऑनला म्हातारपण नाही. दहा मायक्रोसेकंद जगलेला म्युऑन आणि आत्ता जन्मलेला म्युऑन, दोघांची पुढच्या क्षणी संपण्याची शक्यता अगदी सारखी. दर दीड मायक्रोसेकंदाला एक नाणेफेक, आणि दर फेरीत निम्मे बसतात.

हे प्रयोगशाळेत मोजता येतं. प्लॅस्टिकचा जाड ठोकळा घेतला की सावकाश आलेले काही म्युऑन त्यातच थांबतात. येताना एक चमक. मग शांतता. मग म्युऑन संपतो, आतून इलेक्ट्रॉन सुटतो, आणि दुसरी चमक. दोन चमकांमधला वेळ नोंदवायचा. असे हजारो वेळ जमवून आलेख काढला की तो दर दीड मायक्रोसेकंदाला निम्मा होत उतरतो. आज अनेक कॉलेजांत हा प्रयोग होतो. माझ्यासारख्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईला तो आवडतो, कारण एकेक कण केव्हा संपेल हे कुणीच सांगू शकत नाही, पण हजारोंचा हिशेब चोख लागतो.

आता एक शंका. १५ किलोमीटर यायला प्रकाशाच्या वेगानंही ५० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ३३ नाणेफेकी. ३३ वेळा ओळीनं छापा! जगातली सगळी माणसं उभी केली तर शेवटी एखादाच उरेल. मग हा डबा टिकटिकतोय कसा?

याचं उत्तर प्रयोगात मोजलं जाण्याआधीच ज्यांनी लिहून ठेवलं, ते आपल्या मुंबईचे होमी भाभा. १९३८ साली ते केंब्रिजमध्ये होते, वय २८. आइनस्टाइनच्या सापेक्षतेनुसार वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ आपल्याला सावकाश चाललेलं दिसतं. आपोआप संपणारा असा कण स्वतःच एक घड्याळ आहे, तेव्हा पळत असताना तो जास्त काळ टिकला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोत उंचावर आणि खाली मोजणी करून हे दाखवून दिलं. आपल्यापर्यंत पोचणाऱ्या नेहमीच्या म्युऑनचं घड्याळ साधारण ४० पट सावकाश चालतं. आपल्या हिशेबानं ३३ नाणेफेकी, त्याच्या हिशेबानं एकसुद्धा पुरती नाही. तो इतरांपेक्षा दणकट नसतो. त्याला नाणं कमी वेळा उडवावं लागतं, इतकंच.

हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

भाभांनी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली, आता ती कुलाब्याला आहे. १९४९ मध्ये तिथे पहिल्या महिला संशोधक म्हणून आल्या बिभा चौधुरी. त्याआधी कोलकात्यात देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंग, संदकफूच्या डोंगरांवर फोटोच्या काचा ठेवल्या, कणांनी काढलेल्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या आणि त्या कणांचं वजन काढलं. हे काम 'नेचर'मध्ये छापून आलं. महायुद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात आणि काम तिथेच अडलं. पुढे सेसिल पॉवेल यांनी अधिक चांगल्या काचांवर हीच पद्धत वापरली, आणि १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' असं नाव दिलं गेलं. बिभाताई १९९१ मध्येच गेल्या होत्या.

याच संस्थेच्या लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरून म्युऑन मोजले. १९६५ मध्ये तिथेच, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंचा माग त्यांना लागला, तोही खडकात तयार झालेल्या म्युऑनमुळेच. उटीला त्यांची ग्रेप्स-३ नावाची प्रयोगशाळा आहे. १ डिसेंबर २०१४ ला तिथल्या वादळी ढगाखाली म्युऑनची संख्या कमी झाली, आणि त्यावरून ढगातला विद्युतदाब १३० कोटी व्होल्ट निघाला. ज्याला स्वतःला तीन मायक्रोसेकंदही धड मिळत नाहीत, तो कण ढगाच्या पोटातलं सांगून जातो!

आता ते वाक्य.

आठवीपर्यंत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. ती आज इथे आहे. मी तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "सांग, पण नाव घेऊ नकोस." भूमितीची प्रमेयं मला तिनं शिकवली, मधल्या सुट्टीत, पाटीवर. सरांनी फळ्यावर सोडवली ती मला नाही कळायची. माफ करा सर. नववीत ती आली नाही. घरी कांडी मशीनवर बसली. आणि नववीच्या सहामाहीत गणितात मी पहिली आले. आज इथे सगळ्यांसमोर सांगते, मला तेव्हा आनंद झाला होता. ती का आली नाही, हे मी विचारायलाही गेले नाही. वऱ्हाळा तलावाकडून तिच्या गल्लीत जायला दहा मिनिटं लागायची.

पुढे मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, नोकरी मिळाली. मी कष्ट केले म्हणून मिळालं, असंच मी धरून चालले. कष्ट केलेच, खोटं कशाला बोलू? पण या भाषणाच्या निमित्तानं तिला फोन केला आणि विचारलं, तेव्हा नेमकं काय झालं होतं? ती म्हणाली, "अगं, काही झालं नव्हतं. आमच्याकडे दर जूनला बोलणं व्हायचं, यंदा हिला पाठवायची का? कापडाला भाव असला तर हो, नसला तर बघू. पाचवीला वाचले, सहावीला वाचले, सातवीला, आठवीला वाचले. नववीला नाही वाचले."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले. आमच्या घरी हा प्रश्न एकदाही निघाला नव्हता. वडिलांना महिन्याचा ठरलेला पगार होता. जून आला की वह्यांना कव्हरं घालायची, एवढंच मला माहीत. तिनं पाच वेळा नाणं उडवलं. माझ्या हातात कुणी नाणं दिलंच नाही. आम्ही दोघी एकाच जातीचे कण होतो. मी दणकट नव्हते.

म्युऑनचं घड्याळ आपल्याला बदलता येत नाही. घरातला जून मात्र बदलता येतो. आज माझी मागणी एवढीच आहे. आपल्या शाळेत आजही अशी घरं असतील जिथे दर जूनला तोच प्रश्न निघतो. ती कोणती, हे शिक्षकांना ठाऊक असतं. त्यांनी मे महिन्यात आपल्याला फक्त संख्या सांगावी, नावं नकोत. फी, वह्या, बस, जे काही अडत असेल ते आपली तुकडी भरेल, आणि एक वर्षच नाही, दहावी होईपर्यंत भरेल, म्हणजे मधल्या कुठल्याच जूनला नाणं उडवावं लागणार नाही. हिशेब कोण ठेवणार, असं मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं. गेली कित्येक वर्षं ती घरच्या धंद्याचा पै-पैचा हिशेब ठेवते आहे. ती हो म्हणाली आहे.

हा डबा मी शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन जाते आहे. पोरांनी तो उघडावा, बिघडवावा, पुन्हा जोडावा. टेप मात्र नीट लावा. आत्ता त्यावर २९३ हा आकडा आहे. मी बोलत होते तेवढ्या वेळात इतके आले.

आणि हातातली ती रुपयाची नाणी मला परत नकोत. दाराशी पेटी ठेवली आहे, जाताना त्यात टाका. जूनच्या खात्यात पहिले ९६ रुपये जमा.