संज्ञापनशास्त्राचे आचार्य : प्रा. एव्हरेट रॉजर्स

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



व्याख्यानमालेसाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य विश्वस्तांनी मला दिले, तेव्हा एका अमेरिकन प्राध्यापकावर बोलण्याचा माझा विचार ऐकून काहींना आश्चर्य वाटले. मी वाणिज्य शाखेचा साधा पदवीधर, आयुष्य कापडाच्या पेढीवर गेलेले. परंतु ज्या प्रश्नाशी आम्हा व्यापाऱ्यांची रोज गाठ पडते, त्याच प्रश्नावर या गृहस्थाने जवळजवळ पन्नास वर्षे अध्ययन केले. नवी वस्तू, नवा विचार, नवी पद्धत समोर आली असता एक मनुष्य ती पटकन उचलतो आणि दुसरा वर्षानुवर्षे हात लावीत नाही, असे का होते, हा तो प्रश्न होय.

एव्हरेट रॉजर्स यांचा जन्म ६ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, कॅरोल या गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचा स्वभाव या कथेत महत्त्वाचा आहे. शेतीची नवी यंत्रे त्यांना प्रिय होती; मात्र मक्याचे संकरित बियाणे त्यांनी अनेक वर्षे नाकारले. शेजारी ते पेरू लागले तरी हे आपल्या जुन्या वाणावर ठाम होते. १९३६ साली आयोवात भीषण दुष्काळ पडला. शेजाऱ्यांचा संकरित मका तग धरून उभा राहिला आणि रॉजर्स यांच्या शेतातील पीक करपले. त्या वेळी मुलगा पाच वर्षांचा होता. पुढे आयोवाच्याच दोन वसाहतींतील २५९ शेतकऱ्यांचा रायन आणि ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२८ ते १९४१ या काळात दोघे सोडून सर्वांनी ते बियाणे स्वीकारले होते. पहिली वार्ता बहुधा विक्रेत्याकडून आली. विश्वास मात्र बसला तो शेजाऱ्याचे शेत पाहून.

महाविद्यालयात जाण्याचा विचार या मुलाच्या मनातही नव्हता. शाळेतील एका शिक्षकाने काही हुशार विद्यार्थ्यांना आपल्या मोटारीत घालून एम्स येथील आयोवा स्टेट विद्यापीठ दाखवून आणले आणि तेथून पुढचा मार्ग ठरला. १९५२ साली कृषी विषयात पदवी, कोरियन युद्धाच्या काळात दोन वर्षे हवाई दलात नोकरी आणि पुन्हा एम्सला परत.

पीएच.डी.साठी त्यांनी कॉलिन्स नावाच्या वस्तीतील शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. तणनाशक व तत्सम नव्या गोष्टी कोणी किती लवकर स्वीकारल्या, याचे मोजमाप त्यांना करायचे होते. त्यात एक शेतकरी असा भेटला की, त्याने सर्व रासायनिक द्रव्ये नाकारली होती. या औषधांनी माझ्या जमिनीतील गांडुळे मरतात आणि शेतात येणारे गाणारे पक्षी मरतात, असे त्याचे म्हणणे होते. तरुण संशोधकाला हे अडाणीपणाचे वाटले. त्याने आपल्या मोजपट्टीवर त्या शेतकऱ्याला सर्वांत खालच्या गटात, पिछाडीवाल्यांत, बसविले. आपल्या या सभेत त्या शेतकऱ्याची बाजू समजावून सांगण्याची मला आवश्यकता वाटत नाही. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

प्रबंधाच्या एका प्रकरणात रॉजर्स यांनी म्हटले होते की, बियाणे असो, औषध असो वा शाळेतील नवी अध्यापनपद्धती, नव्या गोष्टींचा प्रसार सर्वत्र सारख्याच रीतीने होतो. परीक्षकांपैकी काहींना हा दावा पटला नाही. १९५७ मध्ये पदवी मिळाल्यावर ते ओहायो स्टेट विद्यापीठात अध्यापन करू लागले आणि तेच प्रकरण वाढवून १९६२ मध्ये ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ हा ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. त्यांचे वय तेव्हा एकतीस होते. १९७१, १९८३, १९९५ आणि २००३ अशा त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

ग्रंथातील सिद्धांत कोणाही दुकानदाराला सहज कळेल. कोणत्याही समाजात शेकडा अडीच माणसे सर्वांआधी उडी घेतात. त्यांच्यामागून साडेतेरा टक्के विचारपूर्वक स्वीकारतात, नंतर चौतीस, पुन्हा चौतीस आणि अखेरीस सोळा टक्के पिछाडीचे. मौज अशी की, पहिल्या अडीच टक्क्यांचे अनुकरण सहसा कोणी करीत नाही. १९७० च्या दशकात वडिलांच्या पेढीवर टेरिकॉटचे तागे येऊ लागले, त्या वेळचे मला स्मरते. शहरात शिकणारी हौशी मुले ते प्रथम नेत. पण त्यांचे पाहून कोणी गिऱ्हाईक आले नाही. शाळेच्या हेडमास्तरांनी एक विजार शिवून घेतली, तेव्हा कोठे चौकशी सुरू झाली. रॉजर्स यांच्या ग्रंथात अशा माणसांना मतनेते म्हटले आहे आणि ते बहुधा त्या दुसऱ्या गटात आढळतात.

त्याच ग्रंथातील पेरू देशातील लॉस मोलिनोस या खेड्याची हकीकत कोणाही समाजसेवकाने वाचावी अशी आहे. गावातील दोनशे कुटुंबांनी पाणी उकळून प्यावे, म्हणून एका आरोग्यसेविकेने दोन वर्षे खटपट केली. फक्त अकरा कुटुंबांनी तिचे ऐकले. गावच्या समजुतीप्रमाणे उकळलेले पाणी हे आजाऱ्याचे पाणी. निरोगी मनुष्य ते का पिईल? सेविका जंतूंविषयी सांगत राहिली. लोकांच्या मनातील उष्ण-शीताचा हिशेब तिने कधी विचारातच घेतला नाही.

त्यांच्या नोकऱ्यांची जंत्री मी थोडक्यात सांगतो. कोलंबियात फुलब्राइट व्याख्याता, १९६४ पासून मिशिगन स्टेट विद्यापीठाचा संज्ञापन विभाग, मग मिशिगन विद्यापीठ, १९७५ पासून दहा वर्षे स्टॅनफर्ड, नंतर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि १९९३ पासून न्यू मेक्सिको. १९८०-८१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय संज्ञापन संघटनेचे अध्यक्ष होते. साठच्या दशकात ब्राझील, नायजेरिया आणि भारत या तीन देशांतील शेतकऱ्यांचा जो मोठा अभ्यास झाला, त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. भारतातील खेडी निवडली होती ती आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल आणि आपल्या महाराष्ट्रातील.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. १९७६ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी एक निबंध लिहिला. विकासाचा जो साचा आजवर आपण सर्वांनी, आणि त्यात ते स्वतःही आले, प्रमाण मानला, त्याचे दिवस संपले, असे त्यात प्रतिपादन होते. यंत्रे आणि भांडवल वरून ओतावे, प्रसारमाध्यमांतून उपदेश करावा, आणि लोक बदलले नाहीत तर दोष लोकांच्या अज्ञानाला द्यावा, अशी ती रीत होती. त्याऐवजी लाभाची वाटणी कशी होते, निर्णयात गावकऱ्यांचा सहभाग किती, हे पाहिले पाहिजे, असे ते म्हणू लागले. नवे ते चांगलेच, या गृहीतकाला त्यांनी आपल्याच शास्त्राचा पक्षपात म्हटले. आणि ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत त्यांनी कॉलिन्सच्या त्या शेतकऱ्याला परत आणले. ज्याला मी पिछाडीवाला ठरविले, तो सेंद्रिय शेतीच्या नव्या मापाने सर्वांच्या पुढे निघाला, असे त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहिले. ज्या व्याख्येवर आपली प्रतिष्ठा उभी आहे, तिच्यातील खोट स्वतःच छापून देणारे विद्वान मला फार आढळले नाहीत. ‘पिछाडीवाला’ हा शब्द मात्र त्यांनी शेवटपर्यंत ठेवला. तो अपमानास्पद वाटू शकतो, हे त्यांनी मान्य केले. तरी तो काढला नाही. मला हे पटत नाही.

अध्यापक म्हणून त्यांची एक रीत होती. विद्यार्थ्यांना ते आपले सहलेखक करीत. दुसऱ्या आवृत्तीवर फ्लॉइड शूमेकर यांचे नाव होते. भारतातून गेलेले अरविंद सिंघल हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी आपल्या सर्वांना आठवणाऱ्या ‘हम लोग’ या दूरदर्शन मालिकेवर संशोधन केले. १९८४-८५ मध्ये तिचे १५६ भाग झाले आणि प्रत्येक भागाअखेर अशोक कुमार येऊन दोन शब्द सांगत. मुकाट्याने सोसणारी भागवंती हे ‘असे होऊ नये’ याचे उदाहरण म्हणून लेखकाने उभे केले होते. पण काही प्रेक्षकांनी तिलाच आदर्श स्त्री मानले. गुरुशिष्यांनी हे लपविले नाही, उलट त्यावर लिहिले.

पुढे टांझानियात त्यांनी एक शिस्तबद्ध प्रयोग केला. १९९३ मध्ये सुरू झालेली ‘त्वेंदे ना वकाती’, म्हणजे ‘काळाबरोबर चला’, ही रेडिओमालिका डोडोमा हा भाग वगळून देशभर ऐकविली आणि दोन्हीकडील कुटुंबनियोजनाच्या प्रमाणाची तुलना केली. जेथे मालिका ऐकली गेली, तेथे ते प्रमाण अधिक वाढले. १९९५ नंतर ती डोडोमातही प्रसारित झाली.

आपल्याकडील उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि आपल्या समाजाला जवळचेही. १९९६-९७ मध्ये आकाशवाणीवरून ‘तिनका तिनका सुख’ ही मालिका प्रसारित होत होती. तीत पूनम नावाची सून हुंड्यापायी छळली जाते आणि जीव देते. ते ऐकून उत्तर प्रदेशातील लुत्सान या खेड्याने आकाशवाणीला एक मोठे पत्र पाठविले. त्यावर १८४ जणांच्या सह्या व अंगठे होते. आम्ही हुंडा घेणार नाही, देणार नाही, अशी ती प्रतिज्ञा होती. रॉजर्स, सिंघल व सहकारी यांनी त्या पत्रावर समाधान न मानता पुढे गावात काय घडले, याचा पाठपुरावा केला. बदल झाला होता, विशेषतः मुलींच्या शिक्षणाविषयी लोक बोलू लागले होते. परंतु बोलणे आणि करणे यांत अंतर होते, आणि जुन्या सत्तेचा विरोधही होता. सह्यांची संख्या जाहीर करून मोकळे होण्याची आपणा सर्वांना सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

२१ ऑक्टोबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. आयोवातील बालपणावर त्यांनी लिहिलेले ‘द फोर्टीन्थ पॉ’ हे आत्मकथन सिंगापूरच्या एका संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केले. इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांनी आधी ते वाचावे आणि मग मोठा ग्रंथ घ्यावा, असे मी सुचवीन. मोठ्या ग्रंथात कॉलिन्सचा शेतकरी भेटेल.