सर्व्हरच्या वेशीवर

(विजयदुर्ग येथे युवकांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय ‘संगणक क्षेत्रातलं करिअर’. करिअर हा शब्द आपल्या घरात फार उशिरा आला. आज्याला काम होतं. बापाला नोकरी होती. गोदीत, गिरणीत, रेल्वेत. करिअर असायचं ते साहेबाच्या पोराला. मी मशीन दुरुस्त करणारा माणूस, बंद पडलेली वस्तू उघडून बघायची सवय लागलेली. तेव्हा हा शब्दही आज उघडून बघू.

तुमच्यातले बरेचजण मे महिन्यात मुंबई-ठाण्याहून गावी आलेत. तुमच्या डोक्यात दोन चित्रं. एक, एसी हापिसात गळ्यात पट्टा घातलेला सॉफ्टवेअर इंजिनीअर. दुसरं, नाक्यावरच्या सायबर कॅफेत फॉर्म भरून देणारा पोरगा. या दोघांच्या मधे एक लांबलचक जिना आहे, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. सपोर्ट आणि सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशन. त्या जिन्यावर मी अठरा वर्षं आहे.

खालची पायरी हेल्पडेस्क. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरला, नेट गेलं. प्रत्येक तक्रारीला नंबर, त्याला म्हणतात तिकीट. हा एल-वन. त्याला जमलं नाही तर तिकीट जातं एल-टूकडे. तो नेटवर्क, सर्व्हर, लोकांची खाती बघतो. तिथेही अडलं तर एल-थ्री. तो मुळात बिघाड का झाला ते शोधतो. आणि ज्याच्या हातात सगळ्या किल्ल्या तो ॲडमिन. कोणी आत यायचं, कोणाला काय दिसायचं, कुठली डिस्क भरत आलीय, बॅकअप कधी घ्यायचा, हे तो ठरवतो. पैसा आणि मान एल-टूपासून सुरू होतो. आपली पोरं मात्र एल-वनवर दाटीवाटीने उभी आहेत. का उभी आहेत, हाच माझा विषय.

आधी या कामाची किंमत बघा. समोर किल्ला आहे. त्यावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन इथं आला होता. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्या वेळात यंत्र हललं असतं, घड्याळ चुकलं असतं, तर सगळा खटाटोप पाण्यात. यंत्रं हलली नाहीत, कारण खाली कट्टा पक्का होता. लॉकियरचं नाव राहिलं. कट्टा बांधणाऱ्या गवंड्याचं नाव कोणाला माहीत आहे? इथून जवळच गिर्येला मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे. तिथं गलबतं दुरुस्त व्हायची. आंग्र्यांचा इतिहास आपण पाठ केला, गलबताची फट बुजवणारा कुठल्या पानावर आहे? सपोर्टचं काम असंच असतं. सगळं नीट चाललं की तुम्ही कोणाला दिसत नाही. दिसता ते बिघडल्यावर, आणि तेव्हा शिव्या खायला.

पण एखाद्या दिवशी जगाला दिसतं. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीनं एका दमात आडवी झाली. आपल्या देशातसुद्धा विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरले. कंपनीने फाइल लगेच सुधारली. पण आडव्या पडलेल्या मशीनपर्यंत ती पोचणार कशी? ठिकठिकाणी माणूस एकेका मशीनपाशी गेला, सेफ मोडमध्ये चालू केलं, ती फाइल हाताने पुसली, मग पुढचं मशीन. जगातले मोठे मोठे साहेब त्या दिवशी एल-वनच्या पोराची वाट बघत बसले होते.

आता तुमच्या मनातला प्रश्न मीच विचारतो. दुसऱ्याच्या मशीनची घाण आपणच का काढायची? ही नवी महारकीच नाही का?

प्रश्न खरा आहे, म्हणून जुनी महारकी काय होती ते नीट बघू. वेसकर गावची वेस राखायचा. तराळ सरकारी निरोप घेऊन धावायचा. हद्दीचा दगड कुठं पुरलाय ते महाराला माहीत. म्हणजे काम हलकं नव्हतं, गाव त्याच्यावर चालायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ चा वतन कायदा बदलायचं बिल आणलं, ते कशासाठी? त्या कामाला वेळ नव्हती, चोवीस तास हजेरी. वतनदार घरी नसला तर बाप नाहीतर पोरगा धरून न्यायचे. मोबदला म्हणजे गावच्या मर्जीवरचं बलुतं. आणि सुटका नाही, जन्माने चिकटलेलं. कनिष्ठ गावकामगारांची ही वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला.

आता हीच फूटपट्टी आजच्या सपोर्टच्या नोकरीला लावा. रात्री दोनला फोन, ‘सर्व्हर डाऊन’. ऑन-कॉलचा पैसा? नाही. नेमणूकपत्र? काम एका कंपनीत, पगार दुसरीकडून, पत्र तिसऱ्याचं. वर जायची वाट? बघू. साला, वतन गेलं आणि कंत्राट आलं.

लांब कशाला जाता, आपल्या ग्रामपंचायतीत बघा. २०११ साली सरकारने ‘संग्राम’ प्रकल्प काढला, २०१६ पासून त्याचं ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झालं. गावोगाव संगणक परिचालक बसवले. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, घरपट्टीचा उतारा, सगळं त्यांच्या बोटांतून गेलं. त्यांना वर्षानुवर्षं महिन्याला सहा-सात हजार मिळाले, आणि त्याला नाव काय, तर मानधन. मान नाही, धन नाही. किमान वेतन द्या, कर्मचारी म्हणा, एवढ्यासाठी ही माणसं आझाद मैदानात वर्षामागून वर्षं बसली. आमच्या वाडीतली एक म्हातारी मला विचारते, ‘मशीन तूच बरां करतंस मां, मगे पगार कमी कित्याक?’ डिजिटल इंडियाच्या कुठल्या तज्ज्ञाने याचं उत्तर दिलंय?

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. काम हलकं नाही. कामाला माणूस जखडणं हलकं. सपोर्टची नोकरी बेलाशक घ्या, पण तिचं वतन होऊ देऊ नका.

जात कुठं आडवी येते तेही माहीत असू द्या. राखीव जागा सरकारी नोकरीत. संगणकाचा धंदा बहुतेक खाजगी. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून बघितले. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याचा संभव सवर्ण नावाच्या तुलनेत दोन तृतीयांश निघाला. हे २००७ साली छापून आलं. मी स्वतः एका कंपनीत तीन वर्षं सर्व्हर रूमची किल्ली खिशात घेऊन फिरलो. रात्रपाळीला मी विश्वासू. दिवसा ग्राहकाबरोबर बैठक असली की खुर्ची दुसऱ्याला. ‘पूर्ण नाव काय तुझं?’ हा प्रश्न मला तिथं जेवढ्या वेळा विचारला गेला तेवढ्या वेळा नेटवर्कबद्दल विचारला गेला नाही. परदेशात गेलं की सुटतं म्हणता? कॅलिफोर्नियात २०२० साली तिथल्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दलित इंजिनीअरला जातीवरून वागवल्याचा दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले, २०२३ साली खात्याने दोन इंजिनीअरांविरुद्धचा भाग मागे घेतला. निकाल काय लागायचा तो लागो. ज्यांचे स्विच आपण रोज बसवतो त्यांच्या दारापर्यंत जातीचा प्रश्न पोचला, एवढं ध्यानात ठेवा.

मग करायचं काय? हत्यारं मोजून सांगतो.

एमएस-सीआयटी म्हणजे अक्षरओळख. ती करा, पण तिच्यावर चूल पेटेल असं समजू नका. आयटीआयचा कोपा किंवा हार्डवेअर-नेटवर्कचा ट्रेड झाला तर हात बसतो. त्यानंतरची शाळा म्हणजे जुनं मशीन. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, वापरलेलं मशीन मिळतं. रॅम वाढवा, लिनक्स टाका. हेलसिंकीत शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सला सुरुवात केली. त्याचा कोड उघडा आहे, वाचायला पैसे नाहीत. ज्यांच्या पूर्वजांच्या कानात वेद ऐकला म्हणून शिसं ओतायचा धर्मशास्त्रात नियम होता, त्यांनी ही गोष्ट हलक्याने घेऊ नये. जगातले बहुसंख्य सर्व्हर ज्या विद्येवर चालतात ती उघड्यावर पडलीय. कुणाच्या पाया पडायचं नाही.

त्या एका मशीनच्या पोटात चार आभासी मशीनं बसवा. एकाला नावांचा पत्ता देणारा डीएनएस करा, दुसऱ्याला आयपी वाटणारा डीएचसीपी. मग मुद्दाम बिघडवा आणि लॉग वाचून दुरुस्त करा. लॉग म्हणजे मशीनचा जबाब. तो नाव-गाव न विचारता खरं सांगतो. इंग्रजीची भीती वाटते? साहेबाचं इंग्रजी नंतर. आधी मशीनचं शिका. एररचे दोन-तीनशे शब्द आले की अर्धी लढाई झाली. बॅशमध्ये आणि पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहायला शिका. जे काम तीनदा हाताने केलं ते चौथ्यांदा स्क्रिप्टने झालं पाहिजे. पासवर्ड बदलून द्यायचं काम आता यंत्रच करू लागलंय, एल-वनची पायरी पायाखालून सरकतेय. तिथं घर बांधू नका.

बॅकअप शिका. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. आणि परत आणून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरचे विजेचे खांब लोळवले तेव्हा एकाच खोलीत ठेवलेल्या प्रतीची किंमत काय, ते सांगायला पुस्तक लागलं नाही.

वही ठेवा. बिघाड काय दिसला, कारण काय निघालं, उपाय काय केला, तारीख आणि खाली तुमचं नाव. तुम्ही रात्री जागून सोडवायचं आणि सकाळी साहेबाने आपल्या नावाने अहवाल पाठवायचा, हा आपल्या धंद्यातला रिवाज आहे. लिहिलेल्या शब्दानेच तो मोडतो. परीक्षा द्यायची तर रेड हॅटच्या आरएचसीएसएसारखी द्या. तिथं तोंडी गप्पा नाहीत, मशीन समोर ठेवतात आणि काम करून दाखव म्हणतात. आडनावाला तिथं मार्क नाहीत.

आणि कागद वाचा. सही करायच्या आधी मालक कोण, पीएफ कोण भरतो, ईएसआयसी आहे का, ऑन-कॉलचे तास किती, हे विचारा. एकट्याने विचारलंत तर उद्धट म्हणतील. एका मजल्यावरच्या दहाजणांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. गोदीत आणि गिरणीत आपल्या बापांना हे कळत होतं. गळ्यात पट्टा आला म्हणून आपण कामगार नाही असं कोणी सांगितलं?

शेवटचं. आपल्यातलाच एखादा वर गेला की पासवर्डासारखी विद्या दाबून ठेवतो. ही भटगिरी आहे, मग करणारा कुठल्याही वाडीतला असो. म्हणून शिबिर संपायच्या आत एक काम करू. आपल्यापैकी आठ-दहाजण या धंद्यात आहेत. प्रत्येकाने दोन पोरं निवडायची, एक मुलगी त्यात हवीच. एक जुनं मशीन मिळवून द्यायचं आणि वर्षभर दर रविवारी दोन तास शिकवायचं. नावं मी आत्ता, इथंच वहीत लिहून घेणार आहे. माझी दोन ठरलीत. पुढचं नाव कोण सांगतो?

जय भीम.