प्रशिक्षक जाणार म्हणे!

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला खेळावर बोलायला सांगितले. मी काही खेळाडू नव्हे, राज्य सरकारचा साधा नोकर. पण बदलीच्या बातम्यांचा अनुभव मला भरपूर आहे. मे-जून आला की ऑफिसात एकच विषय, कोण जाणार आणि कोण येणार! म्हणून आज प्रशिक्षकांच्या बदलीच्या बातम्यांवर बोलतो.

आपल्या जवळचे उदाहरण राहुल द्रविड. घर मराठी, जन्म इंदूरचा आणि खेळले कर्नाटकाकडून. आपल्या सीमाभागाला असा माणूस दोन्हीकडून आपला वाटतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या प्रमुखपदासाठी पुन्हा अर्ज केला. सगळे म्हणाले, आता हे बेंगळुरू सोडत नाहीत. पण ऑक्टोबरच्या मध्याला, आयपीएलचा अंतिम सामना दुबईत झाला त्याच सुमारास, ते भारतीय संघाचे प्रशिक्षक व्हायला तयार झाल्याची बातमी फुटली. कर्णधार विराट कोहलीला विचारले, तर तो म्हणाला मला कल्पना नाही. गंमत पुढेच आहे. पदाची जाहिरात निघाली त्यानंतर, १७ ऑक्टोबरला! नेमणूक जाहीर झाली ३ नोव्हेंबरला. म्हणजे त्या वेळी अफवा खरी ठरली.

दोन वर्षांनी उलटे झाले. १९ नोव्हेंबर २०२३ ला आपण विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो आणि द्रविड यांची मुदतही संपली. आता लक्ष्मण येणार, द्रविड आयपीएलच्या संघाकडे जाणार, असे रोज छापून येत होते. २९ नोव्हेंबरला मंडळाने मुदत वाढवल्याचे जाहीर केले. त्यावरही द्रविड यांचे म्हणणे एवढेच, की अजून सही केलेली नाही, कागद आले की बघू. आम्हा सरकारी माणसांना हे वाक्य फार आवडले! पुढे २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकूनच ते त्या पदावरून उतरले. नोव्हेंबरच्या अफवेवर विसंबून त्यांना तेव्हाच निरोप दिला असता, तर?

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणजे मोठे प्रस्थ. तो कुठे जाणार हे ओळखायला तिथले चाहते विमानांच्या फेऱ्यांवरही नजर ठेवतात. २००६ च्या डिसेंबरमध्ये निक सेबन या प्रशिक्षकाने स्वच्छ सांगितले, मी अलाबामाला जाणार नाही. दोन आठवड्यांत, ३ जानेवारी २००७ ला, तो अलाबामाचाच प्रशिक्षक झाला. तेव्हा नुसता नकारही पुरावा नव्हे. ऑर्डर निघेपर्यंत माणूस आहे तिथलाच समजावा.

हे सगळे दूरचे वाटेल, पण आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मैदानांवर पहाटे पोरांना पळवणारे सर आहेत. कुणी शाळेतले, कुणी नोकरी सांभाळून येणारे. कट्ट्यावर कुणीतरी म्हणते, ‘सर जाणार म्हणे.’ आठ दिवसांत दोन पालक पोराला दुसरीकडे घालतात. पोरे सराव चुकवतात, कारण जाणाऱ्या सरांचे कोण ऐकणार? सरांच्या कानावर हे सगळ्यांत शेवटी जाते. जायचा विचार नसलेला माणूसही मग जायचा विचार करू लागतो. अफवा अशी आपणच खरी करतो.

म्हणून माझी विनंती साधी आहे. असे काही कानावर आले, तर थेट सरांना जाऊन विचारा. ‘सर, काही अडचण आहे का?’ एवढेच. कधी मानधनाचा प्रश्न असेल, कधी मैदानाच्या परवानगीचा, कधी घरचा. त्यातले निम्मे प्रश्न हे मंडळच सोडवू शकेल. आणि खरोखरच चांगली नोकरी मिळून ते निघाले, तर शाल-श्रीफळ देऊन पाठवा. त्यांनाही संसार आहे. पण त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोरे मैदानावर वेळेवर हजर असली पाहिजेत.

गणपती बाप्पा मोरया!